युद्धमृत्युवार्ता
युद्धमृत्युवार्ता : युद्धात किंवा युद्धसदृश लष्करी कारवाईत सैनिक मृत्युमुखी पडला, शत्रूच्या हाती सापडला वा बेपत्ता झाला असता त्यासंबंधी शासनाने त्याच्या कुटुंबास द्यावयाची अधिकृत माहिती. या माहितीची तीन अंगे आहेत : सैनिक हयात आहे की नाही; मरण पावला असल्यास कोठे व केव्हा; आणि तो कोणत्या कारणाने मरण पावला. पहिल्या अंगावर कुटुंबाचे धार्मिक व कायदेशीर व्यवहार, दुसऱ्यावर अंत्यविधी व स्मारक, तर तिसऱ्यावर निवृत्तिवेतनाचा प्रकार, मृताचा लौकिक आणि सेनाधिकाऱ्यांचे उत्तरदायित्व अवलंबून असते. ही माहिती मिळविण्याची साधने बहुतांशी शासनाच्याच हाती असतात व कुटुंबास ती अन्य मार्गाने पडताळून पाहता येत नाही. म्हणून ती खरी, पुरेशी व वेळेवर देणे हे शासनाचे कर्तव्य मानले जाते. प्रत्यक्षात मात्र विलंब, मौन व अर्धसत्य यांची उदाहरणे जवळजवळ सर्वच देशांच्या युद्धेतिहासात आढळतात.

पूर्वपीठिका : मृत्यूची वार्ता अनिश्चित राहिल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात सापडते. पानिपतच्या तिसऱ्या लढाईतील (१४ जानेवारी १७६१) पराभवाची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळली, ती एका सावकारी पत्रातून. मृतांचा उल्लेख त्यात मोती, मोहरा व खुर्दा अशा सांकेतिक शब्दांनी केलेला होता. सदाशिवरावभाऊंच्या देहाची ओळख पटण्याविषयी शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू मान्य केला नाही आणि १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. याच संदिग्धतेचा फायदा घेऊन भाऊसाहेबांचा तोतया पुढे आला व त्याच्या बंडाने पेशवाईस काही काळ हादरा दिला. १७७६ मध्ये त्यास देहदंड देण्यात आला. एका घरातील अनिर्णीत शोक राज्याचाही प्रश्न होऊ शकतो, हे या प्रकरणावरून दिसून येते.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) महाराष्ट्रातून मोठ्या प्रमाणावर सैन्यभरती झाली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावातील ४६ सैनिक त्या युद्धात कामी आले. फ्रान्समधील भारतीय सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी स्वतंत्र अभ्यवेक्षण-यंत्रणा नेमलेली होती. लढाईतील भीषण हानीचे वर्णन गावी पोहोचून भरतीवर परिणाम होऊ नये, हा तिच्या हेतूंपैकी एक होता. मेसोपोटेमियातील कुत येथे वेढ्यात सापडलेले ब्रिटिश-भारतीय सैन्य २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. शरण आलेल्या सु. १३,००० लोकांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणींतील सैनिक होते. त्यानंतरची वाळवंटातील पायपीट, उपासमार व रोगराई यांत हजारो कैदी मृत्यू पावले आणि त्यांपैकी अनेकांचे मृत्युदिन व दफनस्थाने निश्चित करणे अशक्य झाले.

युद्धानंतर बसरा येथे उभारलेल्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या भेदभावाची जाहीर कबुली दिली. त्या अहवालाच्या अंदाजाप्रमाणे मुख्यत्वे भारतीय, आफ्रिकी व ईजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावे नोंदलीच गेली नाहीत. मृत्यूची वार्ता देताना केलेली हयगय पुढे स्मारकांतही कशी उतरते, याचे हे उदाहरण होय.

वार्ता देण्याची पद्धत : भारतीय भूसेनेत तुकडीकडून हानीचा अहवाल वरिष्ठ मुख्यालयाकडे व संबंधित अभिलेख कार्यालयाकडे जातो. अधिकाऱ्यांच्या बाबतीत सेना मुख्यालयाकडून व जवानांच्या बाबतीत रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडून निकटतम नातलगास कळविण्यात येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगाव येथे, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. अधिकृत खबरेपाठोपाठ तुकडीच्या प्रमुखाचे सांत्वनपत्र येते व मृताच्या वैयक्तिक वस्तू घरी पाठविल्या जातात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय व महसुली अधिकारी कुटुंबाशी पुढील संपर्क ठेवतात.

तारसेवा बंद होईपर्यंत (२०१३) ही खबर बहुधा तारेने जात असे. सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या (ता. माढा) गावातील जवानाविषयीची तार बेळगावहून निघून डाकघरामार्फत त्याच्या घरी पोहोचे. मजकूर बहुधा इंग्रजीत असल्याने तो वाचून सांगण्याचे काम डाकपालाकडे किंवा शाळामास्तरांकडे येई. ‘तार आली’ एवढ्या शब्दांनीच घरात आकांत होई, तो यामुळेच. तारेतील मजकूर थोडका असे : अमुक क्रमांकाचा जवान अमुक दिवशी कारवाईत मृत्यू पावला, किंवा बेपत्ता आहे. कसा, कोणाच्या समक्ष, देहाचे काय झाले, हे प्रश्न कुटुंबाने पुढे पत्रव्यवहाराने विचारावयाचे असत आणि इंग्रजीतील पत्रव्यवहार झेपत नसलेल्या घरांतून ते बहुधा विचारलेच जात नसत.

भारताच्या १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत मृतांवर सामान्यतः रणभूमीजवळच अंत्यसंस्कार करण्यात येत. घरी अस्थी किंवा केवळ वस्तू पोहोचत. १९९९ च्या कारगिल संघर्षात ५२७ भारतीय सैनिक कामी आले. त्या वेळी मृतदेह विमानाने व मोटारीने गावोगाव पोहोचविण्याची पद्धत प्रथमच मोठ्या प्रमाणावर अवलंबिण्यात आली. देह घरी आल्याने मृत्यूविषयीची शंका मिटते. मात्र मृत्यूच्या कारणाविषयीचे प्रश्न त्याने सुटतातच असे नाही.

बेपत्ता सैनिक : मृत व हयात या दोहोंमधील ‘बेपत्ता’ ही अवस्था कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत कठीण असते. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात सु. १,७०० भारतीय सैनिक बेपत्ता म्हणून नोंदले गेले. लडाखमधील रेझांगला येथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कुमाऊँ रेजिमेंटची एक कंपनी जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली. वाचलेल्या थोड्या जवानांच्या कथनावर प्रारंभी विश्वास ठेवण्यात आला नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये बर्फात गोठलेले देह शस्त्रांसह आपापल्या मोर्चांत सापडले, तेव्हा ते कथन खरे ठरले. १९६५ च्या युद्धात बेपत्ता झालेले वैमानिक अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांनी मृत्यूपूर्वी शत्रूचे एक वरचढ विमान पाडले होते, ही गोष्ट पुढे एका परदेशी लेखकाच्या ग्रंथातून उजेडात आली व १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. वीरपत्नीस पतीच्या अखेरच्या क्षणांची हकीकत कळण्यास दोन दशके लागली.

कायद्याने सात वर्षांपर्यंत ज्याच्याविषयी काही ऐकिवात आले नाही, तो मृत झाल्याचे गृहीत धरता येते. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्येही सात वर्षांचा असाच कालावधी घटस्फोटाचे एक कारण म्हणून नमूद आहे. धर्मशास्त्रात बेपत्ता व्यक्तीसाठी बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन करण्याचा पालाशविधी सांगितलेला आहे. कायदा व धर्म यांनी घालून दिलेल्या या मर्यादा कुटुंबाचे व्यवहार सुरळीत व्हावेत म्हणून आहेत. त्यांमुळे शासनाची शोध घेण्याची व खरे सांगण्याची जबाबदारी संपुष्टात येत नाही.

१९७१ चे बेपत्ता युद्धकैदी : या विषयातील भारताचे सर्वांत दीर्घकाळ रेंगाळलेले प्रकरण १९७१ च्या युद्धासंबंधीचे होय. त्या युद्धात भारताच्या ताब्यात सु. ९३,००० पाकिस्तानी सैनिक व नागरिक आले व १९७४ पर्यंत ते परत पाठविण्यात आले. पाकिस्तानने सु. ६०० भारतीय कैदी १९७२ च्या अखेरीस परत केले. तथापि काही सैनिक पाकिस्तानी तुरुंगांतच राहिले, असे त्यांच्या नातलगांचे म्हणणे होते. पुढे अशा ५४ जणांची यादी शासनाने मान्य केली. संसदेतील अलीकडील उत्तरांत, या ५४ जणांसह एकूण ८३ सेनादलकर्मी बेपत्ता असल्याचे नमूद आहे.

यांपैकी एक महाराष्ट्रीय कुटुंब तांबे यांचे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान डिसेंबर १९७१ च्या पहिल्या आठवड्यात पश्चिम आघाडीवर पाडण्यात आले. त्याच सुमारास डाक्क्यातील एका इंग्रजी वृत्तपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांत तांबे यांच्या नावाशी मिळतेजुळते नाव छापले होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या व अर्जुन पुरस्काराच्या (१९७०) मानकरी होत्या. विवाहानंतर थोड्याच काळात त्यांच्यावर हा प्रसंग ओढवला व पुढे कित्येक दशके त्यांनी पतीचा शोध आणि अन्य कुटुंबांची संघटना यांचे कार्य केले. मेजर अशोक सुरी यांना प्रथम युद्धात मृत घोषित करण्यात आले होते. १९७४ च्या अखेरीस व १९७५ मध्ये त्यांच्या हस्ताक्षरातील पत्रे वडिलांना मिळाली, त्यांतील एक कराचीहून आले होते. त्यानंतर शासकीय नोंद ‘मृत’ ऐवजी ‘बेपत्ता’ अशी बदलण्यात आली. मेजर ए. के. घोष यांच्यासारखे दिसणाऱ्या एका कैद्याचे छायाचित्र अमेरिकेतील टाइम साप्ताहिकात प्रसिद्ध झाले होते.

एप्रिल १९७९ मध्ये परराष्ट्र खात्याच्या राज्यमंत्र्यांनी लोकसभेत पाकिस्तानी तुरुंगांत असल्याचे मानल्या गेलेल्या ४० जणांची नावे सादर केली. १९८३ मध्ये काही नातलगांना मुलतान येथील तुरुंग दाखविण्यात आला व २००७ मध्ये १४ नातलगांनी पाकिस्तानातील अनेक तुरुंगांना भेट दिली. दोन्ही वेळा आपल्या माणसाची गाठ कोणासही पडली नाही. असे कैदी आपल्याकडे नाहीत, ही पाकिस्तानची भूमिका कायम राहिली. डिसेंबर २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेण्याचा आदेश केंद्र शासनास दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यास स्थगिती दिली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कैदी जिवंत आहेत काय, असे विचारले असता ते निश्चित ठाऊक नाही, मात्र ते मरण पावले असावेत, असे शासनातर्फे सांगण्यात आले.

या प्रकरणात मूळ दोष भारतीय शासनाचा होता असे म्हणता येत नाही. कैदी ज्या राष्ट्राच्या हद्दीत होते, असे मानले जाते, त्या राष्ट्राचे सहकार्य निर्णायक होते. परंतु प्रथम मृत्यूची नोंद, नंतर बेपत्ता, पुढे संसदेत तुरुंगातील कैदी आणि अखेरीस मृत असल्याचा तर्क, अशी शासकीय विधाने एकापाठोपाठ एक बदलत गेली. प्रत्येक बदलामागे कोणता पुरावा होता, हे कुटुंबांना पूर्णतः समजले नाही. आशा धरावी की क्रियाकर्म उरकावे, हा निर्णय त्यामुळे त्यांना शासनाच्या साहाय्यावाचून करावा लागला.

मृत्यूच्या कारणाविषयीचे सत्य : मृत्यू निर्विवाद असला, तरी त्याचे कारण सांगण्यास शासने पुष्कळदा कचरतात. आपल्याच बाजूच्या अस्त्राने झालेला मृत्यू, अपघात, चुकीचा हुकूम व अपुरी साधनसामग्री ही अशी कारणे होत. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे हवाई दलाचे मी-१७ हेलिकॉप्टर कोसळून सहा हवाई सैनिक व एक नागरिक ठार झाले. मृतांत नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे हे होते. बालाकोटवरील हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सीमेवर हवाई चकमक चालू असताना ही घटना घडली. प्रारंभिक निवेदनात केवळ हेलिकॉप्टर कोसळल्याचा उल्लेख होता. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले व ती मोठी चूक होती, अशी स्पष्ट कबुली हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ४ ऑक्टोबर २०१९ रोजी दिली.

या घटनेत दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. चौकशी पुरी होण्यापूर्वी कारण जाहीर करणे उचित नव्हते, असे म्हणता येते. दलप्रमुखाने चूक उघडपणे मान्य करणे ही गोष्टही लष्करी व्यवहारात विरळ होय. उलट, सात महिने वृत्तपत्रांतील तर्क हेच कुटुंबांच्या माहितीचे मुख्य साधन राहिले असल्यास तो दोष ठरतो. चौकशीचा प्राथमिक निष्कर्ष जाहीर न करताही नातलगांस विश्वासात घेऊन सांगता येतो.

अन्य देशांतील अनुभव : अमेरिकेचा नामांकित फुटबॉलपटू व पुढे सैनिक झालेला पॅट टिलमन हा २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात आपल्याच तुकडीच्या गोळीबारात ठार झाला. शत्रूशी लढताना त्यास वीरमरण आले, असे घरच्यांना सांगण्यात आले होते. सत्य त्यांना सु. पाच आठवड्यांनी कळले व पुढे अमेरिकन काँग्रेसने त्याची चौकशी केली. अफगाणिस्तानातील युद्धात (१९७९–८९) सोव्हिएट शासनाने जस्ताच्या सीलबंद पेट्यांतून मृतदेह पाठविले व प्रारंभीची कित्येक वर्षे थडग्यावर मृत्यूचे ठिकाण लिहू दिले जात नसे. कारगिल संघर्षात नियमित सैन्य वापरल्याचे पाकिस्तानने नाकारले, त्यामुळे आपल्या अनेक सैनिकांचे देह स्वीकारणेही त्या शासनाने टाळले. भारतीय सैन्याने त्यांचे विधिपूर्वक दफन केले. पाकिस्तानी सेनेने ४५३ मृतांची नावे प्रसिद्ध केली, ती २०१० मध्ये. जून २०२० मधील गलवान येथील चकमकीनंतर भारताने आपले २० सैनिक मृत्यू पावल्याचे दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. चीनने चार मृतांची कबुली आठ महिन्यांनी दिली.

गुप्ततेची मर्यादा : मृत्युवार्ता रोखून धरण्यास नेहमीच वाईट हेतू कारणीभूत असतो असे नाही. हानीचा आकडा शत्रूस कळणे धोक्याचे असू शकते. ओळख पटण्यापूर्वी दिलेली वार्ता खोटी ठरल्यास घरच्यांवर दुहेरी आघात होतो. दुसऱ्या महायुद्धात बारॅम ही ब्रिटिश युद्धनौका २५ नोव्हेंबर १९४१ रोजी बुडाली व तीवरील सु. ८६० जण मृत्यू पावले. नौका बुडाल्याचे जर्मनांना कळू नये म्हणून ही बातमी दोन महिने जाहीर करण्यात आली नाही. परंतु मृतांच्या नातलगांना मात्र पत्राने कळवून ती गुप्त ठेवण्याची विनंती करण्यात आली. राष्ट्राची सुरक्षितता व कुटुंबाशी प्रामाणिकपणा या दोन गोष्टी परस्परविरोधी असल्याचे सांगितले जाते. या उदाहरणात कुटुंबांनाच गुप्ततेचे भागीदार करून हा पेच सोडविण्यात आला.

याउलट, सेनाधिकाऱ्यांची चूक झाकणे, निवडणुकीतील किंवा लोकमतातील हानी टाळणे, अथवा भरपाईचा खर्च वाचविणे यांसाठी पाळलेली गुप्तता सुरक्षेच्या नावाखाली समर्थनीय ठरत नाही. शत्रूस आधीच ठाऊक असलेली गोष्ट केवळ स्वकीयांपासून लपविली जात असेल, तर ती गुप्तता कशासाठी आहे, याचा वेगळा शोध घ्यावा लागत नाही.

कायदेशीर तरतुदी : १९४९ च्या जिनीव्हा करारांनुसार युद्धमान राष्ट्रांनी मृत, जखमी व कैदी यांच्या नोंदी ठेवून त्या परस्परांना कळविणे बंधनकारक आहे, त्यासाठी प्रत्येक राष्ट्राने माहिती-कार्यालय उघडावयाचे असते. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त मसुद्यात आप्तांचे काय झाले, हे जाणण्याचा कुटुंबांचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करण्यात आला आहे. भारत या मसुद्याचा सदस्य नाही. देशांतर्गत कायद्यांपैकी शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ गुप्ततेचे रक्षण करतो, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ सुरक्षाविषयक अपवाद ठेवूनही व्यापक लोकहित असल्यास माहिती उघड करण्यास वाव देतो. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ मधील धोरणानुसार युद्धांचे इतिहास पाच वर्षांत संकलित करावयाचे असून अभिलेख सामान्यतः २५ वर्षांनी खुले करावयाचे आहेत. १९६२ च्या पराभवासंबंधीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र शासनाने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही.

मृत्यूच्या वर्गीकरणाचा आर्थिक परिणामही महत्त्वाचा आहे. शत्रूविरुद्धच्या कारवाईतील मृत्यूस उदारीकृत कुटुंबनिवृत्तिवेतन लागू होते, सेवेशी संबंधित अन्य मृत्यूस विशेष व इतर मृत्यूस सामान्य निवृत्तिवेतन मिळते. त्यामुळे अहवालातील कारणाचा एकच शब्द बदलल्यास विधवेच्या आयुष्यभराच्या प्राप्तीत मोठा फरक पडतो.

समारोप : शासनास प्रत्येक वेळी सत्य ठाऊक असतेच असे नाही. ज्या वेळी ते ठाऊक नसते, त्या वेळी ‘ठाऊक नाही’ हेच सत्य असते आणि कोणत्या पुराव्यावरून काय अनुमान केले आहे, हे सांगणे शक्य असते. हे सांगितल्याने शोक टळत नाही. परंतु शोक कोणत्या गोष्टीचा करावयाचा, हे कुटुंबास कळते. सैनिक आपल्या जीविताची जबाबदारी शासनावर सोपवितो, ती या विश्वासावर की आपल्यामागे आपल्या माणसांना कोणी फसविणार नाही. मृत्युवार्तेतील सत्यनिष्ठा ही म्हणूनच या मूळ कराराची पूर्तता होय.